कार्तिकातला उकाडा: ठाण्याची थंडी येऊन परत का जाते?

दरवर्षीचा क्रम ठरलेला आहे. तुळशीची लग्नं लागतात, आकाशकंदील उतरतात आणि एका पहाटे घोडबंदर रोडवरच्या घरांतले पंखे एकवर येतात. माळ्यावरून स्वेटरची पिशवी खाली येते, डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटतो, उपवनच्या पाण्यावर वाफ धरल्यासारखं धुकं दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'गुलाबी थंडी'चा फोटो टाकतं, तो बहुधा महाबळेश्वरचा असतो. आणि मग चार दिवसांत सगळं फिसकटतं. दुपारी स्टेशनातून बाहेर पडलं की टाळू तापते, रात्री पांघरूण पायाशी जातं आणि बातमी येते: 'पुढील तीन-चार दिवसांत किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ होण्याची शक्यता, त्यानंतर घट.'

ही एका ओळीची बातमी वाचून लोक दोन टोकांना जातात. काहींचं म्हणणं, हवामान खात्याला काही कळत नाही. काहींचं म्हणणं, आता ऋतूच उरले नाहीत. दोघंही आकड्याकडे बघत असतात. या दिवसांत ठाण्यात बघायचा असतो तो वारा.

## २०२४ ची ती दहा दिवसांची गंमत

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २९ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे पारा १६.५ अंशांवर उतरला. नोव्हेंबरात आठ वर्षांत एवढी थंडी पडली नव्हती. लोकांनी स्वेटर काढले. पाचच दिवसांनी, ४ डिसेंबरला, त्याच वेधशाळेत दुपारी ३७.३ अंश भरले. सोळा वर्षांतला डिसेंबरचा सगळ्यात तापलेला दिवस. स्वेटर पुन्हा पिशवीत. आणखी पाच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या पहाटे, १३.७.

यात पहिला आणि तिसरा आकडा पहाटेचा आहे, मधला दुपारचा. म्हणजे १६ वरून थेट ३७ अशी उडी नव्हती, एवढं लक्षात ठेवायला हवं. हवामानाच्या भाषेत किमान तापमान म्हणजे चोवीस तासांतलं सगळ्यात कमी, जे सूर्योदयाच्या आसपास असतं. कमाल म्हणजे सगळ्यात जास्त, जे साधारण दुपारी दोन-तीनच्या सुमारास येतं. तरीही दहा दिवसांत एवढी उलथापालथ सूर्यामुळे होत नाही. सूर्य त्या दहा दिवसांत जिथे उगवायचा तिथेच उगवत होता, तेवढाच तापत होता. मधल्या काळात घडलं ते हजारभर किलोमीटर लांब. ३० नोव्हेंबरला 'फेंगल' हे चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि आपल्याकडच्या वाऱ्याने तोंड फिरवलं.

## आधी तवा आणि पातेलं

शाळेच्या भूगोलातले दोन शब्द आठवा: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. परीक्षेत दोन मार्कांना यायचे आणि आपण विसरून जायचो. ठाण्याचा सगळा खेळ याच दोघांचा आहे.

एका शेगडीवर कोरडा तवा ठेवा, दुसरीवर पाण्याने भरलेलं पातेलं. तवा दोन मिनिटांत चटका देतो, पातेलं कोमटही होत नाही. शेगड्या बंद केल्या की तवा लगेच निवतो, पाणी मात्र बराच वेळ ऊब धरून राहतं. जमीन म्हणजे तवा, अरबी समुद्र म्हणजे पातेलं. नोव्हेंबरातही किनाऱ्याजवळचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. सकाळी अकरा-बारापर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची त्यामानाने गार हवा आत येते. हे खारे वारे वेळेवर आले की दुपारी पारा तेहेतीस-चौतीसच्या पुढे फारसा सरकत नाही. उशिरा आले, तर तेवढा वेळ तवा तापतच राहतो.

ठाणेकराची अडचण इथे सुरू होते. जुहूच्या माणसाच्या दारात समुद्र आहे. आपण सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर आत, आणि मध्ये येऊरचा डोंगर. नवी मुंबईत वाशीच्या आणि समुद्राच्या मध्ये अख्खी मुंबई पसरलेली. खाडी आहे, पण खाडी म्हणजे उथळ पाणी आणि चिखल, तिच्यात समुद्राचा दम नाही. त्यामुळे खारे वारे आपल्याकडे उशिरा पोचतात, वाटेत तापून पोचतात, आणि समोरून कुणी अडवलं तर पोचतच नाहीत.

## समोरून अडवतो तो पूर्वेचा वारा

वाऱ्याला नाव पडतं ते तो जिकडून येतो त्या दिशेचं. पूर्वेचा वारा म्हणजे घाटावरून आपल्याकडे येणारा. आता कुणीही विचारेल, लोणावळ्याहून येणारी हवा गार हवी ना? गरम कशी?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या तोंडाला कधी हात लावलाय? चटका बसतो. हवा दाबली की ती तापते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच. तिथली हवा घाट उतरून पनवेलकडे आली की तिच्यावर वरच्या हवेचा भार वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा दर शंभर मीटर उतरताना साधारण एक अंशाने तापते. म्हणजे लोणावळ्याला दुपारी २९ असतील, तर तीच हवा पायथ्याशी येईपर्यंत पस्तिशीला टेकलेली असते, आणि वर आपलं स्थानिक ऊन आहेच. घाटावर स्वेटर घालून फोटो काढलेला माणूस खालापूरला गाडीची काच वर करून एसी लावतो, त्यामागे हेच आहे.

हा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्यांना खाडीच्या अलीकडे येऊ देत नाही. बारा वाजता यायचे ते तीनला येतात, कधी येतच नाहीत. ४ डिसेंबर २०२४ ची दुपार अशीच होती.

घरच्या घरी हे तपासायचं माझं एक साधन आहे: कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीचा धूर. धूर कळव्याकडे, म्हणजे पूर्वेला झुकला, तर वारा समुद्रावरचा. येऊरकडे, म्हणजे पश्चिमेला झुकला, तर पूर्वेचा. मुलुंडकडे, म्हणजे दक्षिणेला झुकला, तर उत्तरेचा. पण हे सकाळी सातला बघून उपयोग नाही. पहाटे धूर येऊरकडेच जातो, कारण तेव्हा मतलई वारे असतात आणि ते नेहमीचेच आहेत. दुपारी बारा-एक वाजताही तो येऊरकडेच जात असेल, तर आज छत्री उन्हासाठी.

## उकाडा दोन जातींचा

बातमीत नुसतं 'तापमान वाढणार' असतं आणि तिथेच लोकांची फसगत होते. कारण या दिवसांतली वाढ दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी येते.

पहिला प्रकार कोरडा. पूर्वेचा वारा, आकाश निरभ्र, हवेत दमटपणा नाही. दुपारी भाजून निघतं, ओठ फुटतात, गॅलरीत टाकलेली जीन्स दोन तासांत कडकडीत वाळते. पण सूर्य मावळला की जमिनीची उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते आणि पहाट बऱ्यापैकी गार होते. कमाल वाढतं, किमान फारसं वाढत नाही. बदलापूर, मुरबाड, शहापूरकडे तर अशा दिवसांत दुपार ठाण्याहून गरम आणि पहाट ठाण्याहून गार असते, कारण तिथे समुद्राचं पातेलं आणखी लांब आहे.

दुसरा प्रकार ढगाळ. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे जिथे हवेचा भार आजूबाजूपेक्षा कमी आहे अशी जागा, जिच्याकडे चहूबाजूंनी हवा ओढली जाते. आपल्या गोलार्धात ही हवा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत आत जाते, त्यामुळे तमिळनाडूजवळ असं काही घडलं की त्याच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्रावर, पूर्वेकडून बाष्प घेऊन वारे येतात. मळभ दाटतं. रात्री हे ढग गोधडीसारखं काम करतात, जमिनीची ऊब निसटू देत नाहीत. पहाटे पाचला उठून बघावं तर पंखा तीनवर. किमान वाढतं, कमाल मात्र ढगांमुळे वाढेलच असं नाही, कधी उलट उतरतं. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' वादळ अरबी समुद्रातून वर सरकलं तेव्हा ५ तारखेला मुंबई-ठाण्यात शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. पावसाळी छत्र्या घेऊन लोक डिसेंबरात लोकलमध्ये.

'किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ' ही बातमी मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराची आहे. ती पहाटेबद्दल बोलते आहे. दुपारी काय होईल हे त्या वाक्यात नाही, ते 'कमाल' या शब्दाशेजारी शोधावं लागतं.

## मग थंडी येते कुठून?

उत्तरेकडून, आणि तीही टप्प्याटप्प्याने. भूमध्य समुद्राच्या बाजूने थंड, बाष्पाने भरलेल्या हवेचे भोवरे इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर-हिमाचलपर्यंत येतात. यांना पश्चिमी झंझावात म्हणतात, काही वर्तमानपत्रं पश्चिमी विक्षोभ लिहितात. ते आले की तिकडे बर्फ पडतो. गंमत अशी की ते डोक्यावर असताना मैदानात थंडी कमीच असते, ढगांच्या गोधडीमुळे. ते पुढे सरकले, आकाश मोकळं झालं, की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान, गुजरातवरून खाली उतरतात. हा प्रवास दोन-तीन दिवसांचा. मनालीचा बर्फ टीव्हीवर दिसला की आपल्याकडे लगेच शाल काढायची नसते, धूर मुलुंडकडे वळेपर्यंत थांबायचं असतं.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ही उत्तरेची फळी अजून कच्ची असते आणि बंगालच्या उपसागरातली वादळं अजून संपलेली नसतात. दोघांची रस्सीखेच चालते, आपण मधोमध. म्हणून थंडी येते, जाते, परत येते. डिसेंबर सरता सरता उपसागर शांत होतो आणि मग थंडी जरा मुक्काम करते.

## 'खात्याने थंडी सांगितली होती, कुठे आहे?'

हवामान खातं एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या लांबीचे अंदाज देतं, आणि आपण ते सगळे एकाच मापाने मोजतो. ठाण्याच्या माणसाला हे फलाटावर उभं राहून पटकन कळेल.

इंडिकेटरवर 'जलद, ३ मिनिटं' दिसतं, तो झाला पुढच्या काही तासांचा अंदाज. बहुतेक वेळा बरोबर. चार-पाच दिवसांचा अंदाज म्हणजे नेहमीची ८.३३ ची गाडी: येते, पण दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. त्यापुढचा, खातं दर गुरुवारी देतं तो पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज, हे रविवारच्या मेगाब्लॉकच्या सूचनेसारखे असतात. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा येईल हे त्यात नसतं. गाड्यांचा एकंदर कल काय राहील तेवढंच असतं. 'या हंगामात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' याचा अर्थ एकही गार पहाट येणार नाही असा होत नाही. तीन महिन्यांचा हिशेब शेवटी जमेच्या बाजूला झुकेल, असा होतो.

आणि सरासरी म्हणजे तरी काय? त्या ठिकाणचं, त्या दिवसांतलं, १९९१ ते २०२० या तीस वर्षांचं सर्वसाधारण तापमान. 'सरासरीपेक्षा दोन अंश जास्त' म्हणजे कालच्यापेक्षा दोन अंश जास्त नव्हे. ही गफलत मी चांगल्या शिकलेल्या माणसांना करताना पाहिली आहे, स्वतःही केली आहे.

## ठाण्याचा अंदाज नेमका कोणाचा?

अंदाज जिल्हावार निघतो. ठाणे जिल्ह्यात सात तालुके: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. खाडीकाठच्या कोळीवाड्यापासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांना एकच रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. नवी मुंबईकरांची आणखी मजा. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, शेजारचं खारघर रायगडात. बेलापूरला पिवळा आणि पुढच्याच स्टेशनला हिरवा असं दिसलं तर वारा हद्द बघून थांबला असं समजू नका, नकाशाचा रंग थांबला आहे.

## 'पण माझ्या मोबाइलवर ३९ दाखवतंय'

दाखवू दे. वेधशाळेचा तापमापक सावलीत, माणसाच्या उंचीच्या आसपास, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा तापलेल्या डांबराच्या वरचा असतो. मोबाइलमधलं ॲप बहुतेकदा काही मोजत नाही, संगणकाने काढलेला अंदाज दाखवतं. आणि संगणकाची नजर अशी असते की तो जमिनीचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतो. खात्याचा चौकोन बराच काळ बारा किलोमीटरचा होता, मे २०२५ पासून 'भारत' अंदाज प्रणालीत तो सहा किलोमीटरवर आला. पण सहा किलोमीटरच्या चौकोनातही येऊरचं जंगल, वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या शेड आणि तलावपाळी एकत्र कोंबली जाऊ शकतात. थंडीच्या दिवसांत रात्री उपवनहून येऊरच्या चढाला लागलात तर नाका ओलांडताच हवेतला फरक गालाला कळतो. संगणकाला तो अजून कळत नाही.

'३७ च्या वर गेलं तर उष्णतेची लाट का म्हणत नाहीत?' हेही विचारलं जातं. किनारपट्टीसाठी निकष असा: कमाल ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा कमीत कमी साडेचार अंश वर. पण ते एका ठिकाणी, एक दुपार होऊन भागत नाही. निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस व्हावं लागतं. कार्तिकातला उकाडा सहसा एवढा टिकत नाही.

## हे तापमानवाढीमुळेच का? आणि ला निनाचं काय?

डिसेंबरात सांताक्रूझचा उच्चांक ३९.८ आहे, आणि तो १९८७ चा. जवळपास चार दशकं तो कुणी मोडलेला नाही. म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याने डिसेंबरात भाजून काढणं हे नवं नाही, आपल्या आजोबांनीही सोसलं आहे. एका गरम दुपारीवरून तापमानवाढ सिद्ध होत नाही. जशी २२ जानेवारी १९६२ च्या ७.४ अंशांवरून मुंबई हिल स्टेशन ठरत नाही.

पण म्हणून वाढ नाहीच, असंही नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने वर. पाऊण अंशसुद्धा नाही, असं वाटेल. पण हा आकडा अख्ख्या देशाचा, अख्ख्या वर्षाचा आहे. वाऱ्याने पारा वरखाली नाचतो, तापमानवाढीने तो ज्या पायरीवर उभा राहून नाचतो ती पायरी वर जाते. त्यात शहरातलं काँक्रीट दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता रात्री सोडत बसतं, त्याचा मार पहाटेच्या किमान तापमानावर आधी पडतो.

ला निना, म्हणजे प्रशांत महासागराच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागाचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं. 'ला निना आहे, यंदा कडाका' असे फॉरवर्ड दर दोन वर्षांनी फिरतात. तिचा उत्तर भारतातल्या हिवाळ्याशी संबंध आहे. पण ती बटण नाही. मंगळवारी ठाण्यात कुठला वारा वाहील हे ती ठरवत नाही.

## कुणाला याने फरक पडतो

शहरात या चढउताराचा जाच श्वासाला होतो. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर त्यामानाने गरम हवेचं झाकण बसतं. घोडबंदरच्या बांधकामांची धूळ, तुर्भे-तळोज्याचा धूर, ट्रकांचा धूर, सगळं झाकणाखाली. आपण त्याला धुकं म्हणून फोटो काढतो. खरं धुकं ओलं असतं, गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं की कळतं. बोट कोरडं आणि घसा खवखवणारा असेल, तर सकाळचं चालणं झाकण उघडेपर्यंत, नऊ-साडेनऊपर्यंत पुढे ढकललेलं बरं.

गावाकडचा हिशेब वेगळा. माझे मामा मुरबाडला असतात. भात कापून झालं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल टाकतात, बांधाला चार आंबे आहेत. आंब्याला मोहोर फुटायला सलग गार रात्री लागतात. रात्री उबदार राहिल्या की झाड मोहोराऐवजी पालवी काढून बसतं, आणि आधी आलेल्या मोहोरावर ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी पडते. मामांना दुपारचे ३६ की ३७ याच्याशी काही घेणं नाही. परवा फोन केला तेव्हा मी त्यांना पूर्वेचे वारे, ओढलेलं बाष्प वगैरे उत्साहाने समजावत होतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक," म्हणाले, "पाणी पडल काय रं? अजून अर्ध्या भाताच्या झोडणीचं बाकी हाय."

जिल्ह्याला रंग हिरवा होता, पण उपसागरात काहीतरी शिजत होतं. मी म्हटलं, दोन दिवस मळभ राहील, पावसाची शक्यता कमी, तरी भारे झाकून ठेवा. त्यांनी ते आधीच झाकले होते.